शेवटचं पान

1851 साली न्यूयॉर्कच्या हर्मन मेल्व्हिलने आपली सगळी ताकद ओतून एक कादंबरी पुरी केली. तेव्हा तो 32 वर्षांचा होता. तरुणपणी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर त्याने खलाशीकाम केलं होतं. दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या दिवसांवर लिहिलेल्या 'टायपी' या पहिल्याच पुस्तकाने त्याला नाव मिळवून दिलं होतं. ही नवी कादंबरी मात्र फार वेगळी होती. पांढऱ्या देवमाशाने पाय तोडलेला कप्तान एहॅब सूडाने पेटतो, सगळं जहाज त्या माशाच्या मागे लावतो आणि शेवटी जहाजासकट सगळे समुद्राच्या पोटात जातात. वाचतो एकटा खलाशी इश्मेल. मित्रासाठी बनवलेल्या शवपेटीला धरून तो तरंगत राहतो, दुसरं एक जहाज त्याला उचलून घेतं, आणि म्हणूनच ही कथा सांगायला कुणीतरी उरतं. हे सारं उपसंहारात येतं, आणि तो उपसंहार जेमतेम पानभराचा.

त्या काळी अमेरिकी लेखकाला इंग्लंडमध्ये आपले हक्क राखायचे असतील, तर पुस्तक आधी तिथे निघावं लागे. म्हणून न्यूयॉर्कमध्ये जुळवलेल्या मजकुराची मुद्रितं बोटीने लंडनला गेली. ऑक्टोबरमध्ये रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत 500 प्रती काढल्या. धर्माविषयीचे आणि राजघराण्याविषयीचे काही बोचरे उल्लेख त्यात गाळलेले होते. पण खरा घात झाला तो निराळाच. उपसंहार त्या आवृत्तीत छापलाच गेला नाही.

मग व्हायचं तेच झालं. सगळे बुडाले, तर मग गोष्ट सांगतोय कोण? 'स्पेक्टेटर'च्या परीक्षकाने हाच मुद्दा धरला: जी हकीकत सांगायला कुणी जिवंत उरत नाही, ती कादंबरीकाराने सांगू नये. 'अथेनियम'ने शेवट घाईचा आणि दुबळा ठरवला. लंडनमध्ये मनापासून कौतुक करणारे परीक्षकही होते, पण समुद्र ओलांडून पोचली ती ही टीका. या इंग्रज परीक्षकांना मी फारसा दोष देणार नाही. जेवढं पुस्तक हाती आलं, तेवढं त्यांनी वाचलं आणि त्यात जे खटकलं ते लिहिलं.

माझा राग आहे तो पुढच्या प्रकारावर. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या हार्पर या प्रकाशकाने हेच पुस्तक 'मोबी-डिक' या नावाने एका खंडात छापलं, उपसंहारासकट. अमेरिकेतल्या परीक्षकांपुढे आता अख्खं पुस्तक होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण बॉस्टनच्या 'पोस्ट'ने 'अथेनियम'चे उतारे देऊन त्यांचीच री ओढली. न्यूयॉर्कच्या 'इंटरनॅशनल मॅगझिन'ने 'स्पेक्टेटर'चं परीक्षण जसंच्या तसं उचलून छापलं. इश्मेल कसा वाचला हे सांगणारं पान समोर असताना, तो वाचलाच कसा असा आक्षेप त्याच देशात फिरत राहिला. लंडनचं मत मोठं, आपलं वाचन धाकटं, अशी ती समजूत होती.

वेगळं वागणारा एकजण होता, नॅथॅनिएल हॉथॉर्न. कादंबरी त्यालाच अर्पण केलेली होती. त्याने ती वाचून पत्र लिहिलं. पुस्तक कुणालातरी खरोखर समजलं, याने मेल्व्हिलला केवढा धीर आला, हे त्याच्या उत्तरातून आजही कळतं. 'लिटररी वर्ल्ड'च्या संपादकालाही हॉथॉर्नने स्पष्ट कळवलं, की तुमच्या अंकातल्या परीक्षणाने या पुस्तकातल्या उत्तम गोष्टींना न्याय दिलेला नाही. तो संपादक मेल्व्हिलचा मित्र होता, तरी हॉथॉर्नने भीड धरली नाही.

एका पानामुळे सगळं बुडालं असं म्हणणं खरं ठरणार नाही. कादंबरी अवघड होती. देवमाशाच्या हाडांपासून चरबीपर्यंतची लांबलचक वर्णनं अनेकांना पेलली नाहीत, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या 'पिअर' या कादंबरीने तर उरलेले वाचकही दुरावले. लेखकाच्या हयातीत अमेरिकेत 'मोबी-डिक'च्या साडेतीन हजार प्रतीही खपल्या नाहीत. 1866 मध्ये मेल्व्हिलने न्यूयॉर्कच्या बंदरात जकात तपासनिसाची नोकरी धरली. रोजचे चार डॉलर मिळत. ती त्याने 19 वर्षं केली. 1891 मध्ये तो वारला, तेव्हा त्याचं नाव फार थोड्यांच्या लक्षात होतं.

1919 मध्ये, त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, कोलंबिया विद्यापीठातल्या रेमंड वीव्हर या प्राध्यापकाने त्याच्यावर काम सुरू केलं. जुन्या परीक्षणांवर न थांबता तो मेल्व्हिलच्या नातीकडे गेला. घरच्यांनी जपून ठेवलेल्या कागदांत त्याला 'बिली बड' या अप्रकाशित कथेचं हस्तलिखित सापडलं. 1921 मध्ये त्याने चरित्र लिहिलं आणि 1924 मध्ये ती कथा छापली. 'मोबी-डिक' लोक पुन्हा वाचू लागले, आणि ज्या प्रकरणांना कंटाळवाणं म्हटलं गेलं होतं तीच आता अभ्यासक आवडीने उलगडू लागले. ज्याने मेल्व्हिलला परत आणलं त्या वीव्हरचं ऋण मोठं आहे. पण त्याच्याही हातून एक गफलत झाली होती. लेखकाने काढून टाकलेला मजकूर त्याने 'बिली बड'ची प्रस्तावना समजून छापला, आणि कित्येक वर्षं वाचक तो प्रस्तावना म्हणूनच वाचत आले. हॅरिसन हेफर्ड आणि मर्टन सील्ट्स या दोघा अभ्यासकांनी वीव्हरच्या नावाला न बुजता मूळ हस्तलिखित पान न् पान तपासलं आणि 1962 च्या आपल्या आवृत्तीतून ती प्रस्तावना वगळली.