सुनावणी कुणाच्या दारात?

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड लोहखाणीचे उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायच्या प्रस्तावावर ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी झाली. ती झाली खाणीपासून शंभरहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे अशी सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी लगत घ्यायची असते. खाण हवी की नको, हा वाद मोठा आहे. तो आज बाजूला ठेवू. त्याआधीचा प्रश्न असा, की ज्याचे काही जाणार आहे त्याने ऐकवायला यायचे, की ज्याला काही हवे आहे त्याने ऐकायला जायचे? सुनावणीचे ठिकाण ही मांडव-खुर्च्यांसारखी व्यवस्थेची बाब नाही. कोण बोलणार, हे बरेचसे तिथेच ठरते.

खाणीजवळच्या हेडरीकडच्या एखाद्या माडिया आदिवासी शेतकऱ्याचा विचार करा. ऑक्टोबर म्हणजे हलके धान कापणीला येण्याचे दिवस. आलापल्लीमार्गे एसटीने गडचिरोली गाठून परत यायचे तर मजुरी बुडते, बहुधा मुक्कामही पडतो. पुढे कचेरीचे फाटक, पोलीस, माइक. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत असला तरी घरची बोली माडिया. आणि त्याला सांगायचे काय असते? सुरजागडच्या डोंगरावरच्या ठाकूरदेवाबद्दल, मोहाच्या झाडांबद्दल, लाल गाळ वाहून येणाऱ्या नाल्याबद्दल. तो आलाच नाही, तर सुनावणी अडत नाही. नियमात गणपूर्तीची अटच नाही. न आलेल्याचा आक्षेप नोंदवायला मात्र इतिवृत्तात जागा नसते.

यावर पहिले उत्तर सुरक्षेचे. ते पोकळ नाही. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी याच भागात खनिज वाहतुकीची कित्येक वाहने जाळली होती. अधिकाऱ्यांना आपल्या माणसांचा जीव धोक्यात घालायचा नसतो, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या बंदोबस्तात डोंगर रोज फोडला जातो आणि ट्रक भरून निघतात, त्याच बंदोबस्तात एक दिवस मांडव का पडू नये? खनिजाला पुरणारी सुरक्षा माणसांच्या बोलण्याला अपुरी पडते, हे पटत नाही. अधिसूचनेतच अशी सोय आहे, की स्थानिकांना मोकळेपणी बोलता येणार नाही अशी परिस्थिती असेल तर यंत्रणेने तसे सविस्तर कळवावे. मग सुनावणी वगळलीही जाऊ शकते. ती वाट मला धोक्याचीच वाटते, पण तिच्यात निदान कबुली आहे. दूरच्या कचेरीत सुनावणी उरकली की ‘लोकांचे ऐकले’ असा शिक्का मात्र मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. झळ काही फक्त खाणीशेजारच्या गावांना बसत नाही. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर खनिजाचे ट्रक धावतात, धूळ तिथेही बसते, कोनसरीला पोलाद प्रकल्प आहे. मग सगळ्यांना जिल्ह्याचे ठिकाणच बरे, नाही का? उलट यातून निघते ते एवढेच, की एक सुनावणी पुरणार नाही. एटापल्लीत एक, आष्टीत एक घ्या. वेळ जाईल, खर्च वाढेल. पण कोट्यवधींच्या प्रकल्पात तो किती? रोजगाराचा युक्तिवादही इथे लागू पडत नाही. काम हवे असणारी पोरेही त्याच गावांत राहतात, आणि त्यांचेही म्हणणे गावात जास्त स्पष्ट ऐकू येईल. ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइट खाणीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, तेव्हा डोंगरातल्या बारा गावांत, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली सभा झाल्या. बाराही गावांनी नकार दिला. निकाल सोयीचा असो वा नसो, दुर्गम भागात गावात जाऊन ऐकता येते हे त्यातून दिसले.

सुनावणीला हजर असलेल्यांची नोंद इतिवृत्ताला जोडावी लागते. पर्यावरण मंजुरीचे प्रस्ताव तपासणाऱ्या दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीने पुढचा असा प्रस्ताव हाती घेताना धूळ-पाण्याच्या तक्त्यांआधी ती यादी उघडावी आणि त्यातली माणसे किती लांबून आली, हे नकाशावर मोजून पाहावे.