दहा मिनिटांचा हिशेब

मान वर कर आणि माझ्याकडे बघ. "सर, दिवसभर कुठं खेळतोय? आजरा स्टँडवर गडहिंग्लजची एसटी येईपर्यंत, दहा-दहा मिनिटं." हे सांगताना तुला लाज वाटायच्या जागी कौतुक वाटत होतं!

अरे, तो पैसे लावायचा खेळ बांधलाच आहे दहा मिनिटांसाठी. विमान उडतं, आकडा एकपासून चढतो, मध्येच विमान गायब. त्याआधी काढलेस तर त्या आकड्याच्या पटीत पैसे, नाहीतर लावलेले गेले. वीसेक सेकंदांत डाव खलास. म्हणजे तुझ्या दहा मिनिटांत तीस डाव. १९६२ साली सुरू झालेल्या कल्याण मटक्यानं घरं बुडवली, पण तिथं ओपनचा आकडा लागल्यावर क्लोजच्या आकड्याची वाट तरी बघावी लागायची. तेवढ्यात माणूस घरी जायचा, बायकोच्या शिव्या खायचा, एखाद्याला शहाणपणही सुचायचं. तुला तेवढी उसंतच ठेवलेली नाही.

आता वही काढ. तुमचं ते एव्हिएटर जॉर्जियातल्या स्प्राइब कंपनीनं २०१९ मध्ये आणलं. कंपनीच सांगते, लावलेल्या शंभरातले सरासरी ९७ परत मिळतात. म्हणजे शंभराच्या प्रत्येक डावाला तीन गेले. तीस डावांत तीन हजार फिरले, नव्वद गेले. दिवसातून चारदा बसलास तर ३६०, महिन्याला १०,८००. तुझी आई कारखान्यात काजू सोलून महिन्याला किती आणते, ते मी सांगू? आणि हा हिशेब अस्सल खेळाचा. कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरचं ॲप तेवढं तरी परत देईल, याची हमी कोण घेणार?

"हरलं की दुप्पट लावतो, एकदा लागलं की सगळं वसूल." वा! दहापासून सुरू कर. सात वेळा लागोपाठ गेले की १२७० रुपये साफ. आठव्यांदा लावायचे १२८०, आणि दुपटीवर काढता आलेच तर एकूण नफा किती? दहा रुपये! दुपटीपर्यंत पोचण्याची शक्यता निम्म्याहून कमी, त्यामुळे सात वेळा सलग हरणं शंभरात सरासरी एकदा येतंच. तू तर महिन्यात शेकडो वेळा नव्यानं सुरुवात करतोस. आणि विमान कुठं पडणार ते उडण्याआधीच ठरलेलं असतं. तुझा अंगठा कितीही चपळ असू दे. टेलिग्रामवर सिग्नल विकणाऱ्याला ते खरंच कळत असतं, तर तो तुझ्याकडं पाचशे कशाला मागेल?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे तुला बरोबर पाठ आहे. परीक्षेला काही पाठ नव्हतं.

पण मित्राला बँक खातं वापरायला दिलंस, ते काय? फसवलेल्या माणसाचे पैसे त्यातून फिरले, तर खातं गोठेल आणि पोलीस आधी तुझ्या दारात येतील. उद्या बँकेत जाऊन लेखी कळव.

वडिलांनी घनसाळ तांदूळ विकून ठेवलेल्या फीमधले किती गेले, तो आकडा अजून तुझ्या तोंडून निघालेला नाही. संध्याकाळी त्यांना घेऊन माझ्या घरी ये. तो आकडा तू सांगायचास, मी नाही. सुटत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनच्या नंबरवर फोन माझ्यासमोर लाव. त्यात लाजायचं काही नाही. आणि ते ॲप आत्ता काढ. इथंच. मी बघतोय.