छेदात पाणी मांडताना

कार्यक्षमता हा अखेर एक अपूर्णांक असतो. अंशात तयार झालेला माल आणि छेदात त्यासाठी खर्ची पडलेली वस्तू. अंशाबद्दल सहसा दुमत होत नाही. छेदात काय मांडायचे याचा निर्णय मात्र कोणीतरी, कधीतरी घेतलेला असतो आणि पुढे पिढ्यान् पिढ्या तो निसर्गनियमासारखा पाळला जातो. महाराष्ट्राच्या साखर उद्योगात छेदात ऊस आहे. त्या एका निवडीतून गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत काय साधले आणि काय नजरेआड राहिले, हे पाहिले म्हणजे कार्यक्षमता या शब्दाचा पुरता उलगडा होतो.

उसाच्या वजनातून शेकडा किती साखर निघाली, याला उतारा म्हणतात. शंभर किलो उसाची साडेअकरा किलो साखर झाली, तर उतारा ११.५ टक्के. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१च्या हंगामात झाले. तेव्हापासून आजतागायत चांगला कारखाना कोणता, याचे उत्तर प्रामुख्याने या आकड्यावरून दिले जाते. शेतकऱ्याचा पैसाही त्याला जोडलेला आहे. २०२४-२५च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे अधिक.

मोजलेली गोष्ट सुधारते, याचा हा उद्योग उत्तम दाखला आहे. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातली साखर घटू लागते, म्हणून तोडणी ते गव्हाण (कारखान्यात ऊस टाकण्याची जागा) हे अंतर तासांत मोजले जाऊ लागले. बगॅसबरोबर किती साखर बाहेर गेली, मळीत किती राहिली, याच्या नोंदी प्रयोगशाळेत रोज होतात. बंद पडलेल्या तासांचा कारणांसह हिशेब ठेवला जातो. वाणांच्या संशोधनालाही याच आकड्याने दिशा दिली. उत्तर प्रदेशाचा उतारा दीर्घकाळ महाराष्ट्राच्या बराच मागे होता. कर्नालच्या ऊस संशोधन केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी विकसित केलेला को ०२३८ हा वाण तिथे पसरला आणि काही वर्षांतच ते अंतर जवळजवळ मिटले. हे यश अस्सल आहे आणि ते मापाच्या शिस्तीशिवाय मिळाले नसते.

तरीही हे माप कारखान्याचे आहे. दर उताऱ्याला जोडलेला असला, तरी शेतकऱ्याला ऊस वजनावर विकायचा असतो, म्हणून त्याच्या अपूर्णांकात अंशाला टन आणि छेदाला एकर येतो. फुले २६५ हा वाण चोपण जमिनीतही तग धरतो आणि वजन भरपूर देतो, पण हंगामाच्या सुरुवातीला त्याचा उतारा कमी बसतो. शेतकऱ्यांना तो हवा होता, तर कारखाने त्याची नोंद घ्यायला का-कू करत होते. दोघांपैकी कोणाचेच गणित चुकले नव्हते, कारण दोघांचे छेदच वेगळे होते.

एकराचा छेदही पुरता प्रामाणिक नाही, कारण त्यात काळ दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा-सतरा महिने जमीन अडवतो. सुरू ऊस साधारण वर्षात निघतो. समजा आडसालीने १७ महिन्यांत हेक्टरी १२० टन दिले आणि सुरूने १२ महिन्यांत ९० टन. हेक्टरी आकड्यात आडसाली तीस टनांनी पुढे आहे. महिन्याकाठी हिशेब केला तर आडसाली सात टनांच्या किंचित वर आणि सुरू साडेसात टन. विक्रमी उत्पादनाच्या स्पर्धा मात्र एकरी टनावरच जिंकल्या जातात.

आता पाणी. कृषी खर्च व मूल्य आयोगाने एक किलो साखरेमागे लागणाऱ्या सिंचनाच्या पाण्याची राज्यवार तुलना केली होती. उत्तर प्रदेशात ते सुमारे एक हजार लिटर, महाराष्ट्रात साधारण दुप्पट. गंगेच्या मैदानात पाऊस आणि जमिनीतली ओल पिकाला हात देतात. इथल्या पठारावर जवळपास सगळे पाणी पाटाने किंवा पंपाने द्यावे लागते. राज्याच्या पीकक्षेत्रात उसाचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के आहे, पण सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा दोन-तृतीयांशांच्या घरात सांगितला जातो. उताऱ्याच्या तक्त्यात पहिल्या ओळीत असणारा उद्योग पाणी छेदात येताच कितीतरी खाली उतरतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच वर्षीच्या हंगामात मराठवाड्यात लाखो टन ऊस गाळला गेला होता. उताऱ्याच्या नोंदवहीत या दोन घटनांचा संबंध कुठेच लागत नाही.

ही केवळ बेफिकिरी म्हणून सोडून देता येत नाही. मायकेल फॅरेल या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली कार्यक्षमतेचे दोन भाग पाडले. दिलेल्या साधनांतून जास्तीत जास्त माल काढणे हा एक आणि साधनांचे प्रमाण त्यांच्या किमती पाहून ठरवणे हा दुसरा. दुसरा भाग किमती खऱ्या असतील तरच अर्थपूर्ण ठरतो. कालव्याची पाणीपट्टी शेतातले पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाते, किती पाणी घेतले यावर ती अवलंबून नसते. कृषिपंपाचे बिल वर्षानुवर्षे अश्वशक्तीवर होते आणि २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. पाण्याच्या जास्तीच्या एका पाळीची किंमत शून्य असेल, तर ती पाळी देणारा शेतकरी त्याच्यापुढे ठेवलेल्या किमतींनुसार अचूकच वागतो. त्यात उसाला हमखास गिऱ्हाईक आणि ठरलेला दर आहे, जो तूर-हरभऱ्याला तितक्या खात्रीने मिळत नाही. पाण्याच्या उधळपट्टीचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. किमती त्याने ठरवलेल्या नाहीत.

यावर तोडगा म्हणून ठिबकाकडे बोट दाखवले जाते. २०१७मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णयही घेतला. ठिबकने शेतातले पाणी वाचते यात शंका नाही, पण वाचलेले पाणी कुठे जाते, हा प्रश्न उरतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ साली कोळशाबाबत दाखवून दिले होते की, इंजिने कमी कोळशात जास्त काम करू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला, कारण वाफेचा वापर स्वस्त होऊन चहूकडे पसरला. विहिरीचे तेच पाणी ठिबकमुळे दोन एकरांऐवजी तीन एकरांना पुरू लागले, तर शेतकरी तिसऱ्या एकरात ऊसच लावेल. शिवाय पाटपाण्यातला जो भाग झिरपून खालच्या विहिरींना मिळत होता, तोही थांबतो. शेताची कार्यक्षमता वाढते आणि खोऱ्याची तूट तशीच राहते, कदाचित वाढतेही. एकेकाच्या सुधारणांची बेरीज म्हणजे सर्वांची सुधारणा, हे गृहीत इथे मोडून पडते.

गाळपक्षमतेतही हे गृहीत असेच मोडले. जास्त ऊस लवकर गाळता यावा म्हणून एकेका कारखान्याने विस्तार केला. प्रत्येकाच्या प्रकल्प अहवालात तो फायद्याचाच होता. ऊस त्या मानाने वाढला नाही. २०२४-२५मध्ये अनेक कारखान्यांचे गाळप शंभर दिवसही चालले नाही, पण कर्जाचे व्याज आणि कायम नोकरांचे पगार बारा महिने चालू राहिले.

छेदातून माणूसही निसटतो, आणि ही या हिशेबातली सर्वांत लाजिरवाणी जागा आहे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेब तोडलेल्या टनाचा, आधी घेतलेल्या उचलीतून वळता होणारा. एक दिवस काम चुकले तर खाडा, म्हणजे दंड. अशा मोजणीत पाळीचे दिवस किंवा आजारपण हा निव्वळ तोटा ठरतो. २०१९मध्ये शासकीय समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. तोडणीचा टनामागचा खर्च कमी राहतो, त्यात ही किंमत धरलेली नाही.

छेद बदलता येतो, हे पुरंदर तालुक्यातल्या नायगावने दाखवले. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात दिला गेला, भूमिहीनांचाही हक्क मानला गेला आणि उसाला मज्जाव झाला. छेदात पाणी आणि माणूस आले, तसा पिकांचा क्रमच बदलला. ही व्यवस्था राज्यभर जशीच्या तशी उचलता येणार नाही. जिथे शेतकऱ्याची गुंतवणूक, कारखाना आणि बँकेचे कर्ज आधीच उसात अडकले आहे, तिथे बंदीपेक्षा मोजणीपासून आरंभ करणे अधिक शक्य आहे.

त्यासाठी लागणारी बरीचशी नोंद कारखान्यांच्या शेतकी खात्याकडे आजच आहे. गट क्रमांक, वाण, लागणीची तारीख, क्षेत्र आणि गव्हाणीत आलेले वजन. तेवढ्यावरून दर महिन्याचे हेक्टरी उत्पादन उद्या काढता येईल. रकाना कमी आहे तो पाण्याचा. कालव्यावर पाणी वापर संस्थेला मोजून पाणी दिले, तर तो काही प्रमाणात भरता येतो. विहीर आणि बोअर यांच्यासाठी पंपाची वीज युनिटमध्ये मोजावी लागेल, बिल माफ असले तरीही.