समोरचा गप्प का होतो?

१९१७ साली भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांच्यापाशी कोलंबिया विद्यापीठाची एम.ए.ची पदवी होती आणि लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास होता. राहायला जागा मात्र शहरात कुणी देईना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघण्याच्या वेळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी समोर येऊन ठाकले. तू कोण, इथं का आलास, पारशी नाव घ्यायची हिंमत कशी झाली, असे प्रश्न अंगावर आदळले. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की ते नुसते उभे राहिले. त्यांना काहीच उत्तर देता आलं नाही.

शब्दांवाचून अडणारा हा माणूस नव्हे. वर्षभरापूर्वीच, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध अभ्यासकांसमोर वाचला होता. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असंही ते त्याच आठवणींत सांगतात. न्यूयॉर्कमध्ये निबंध वाचणारा आणि बडोद्यात निःशब्द उभा राहिलेला माणूस एकच. त्याची विद्या कमी झाली नव्हती, पण उसन्या नावाआड उभं राहावं लागल्यामुळे स्वतःच्या वतीनं बोलायला त्याला जागाच उरली नव्हती.

आपण स्वतःला काय समजतो यावर आपलं बोलणं ठरतं, हे आता सगळेच सांगतात. आत्मविश्वास वाढवण्याचे क्लास गावोगाव निघाले आहेत. ताठ उभे राहा, डोळ्यांत डोळे घालून बोला, आवाज मोठा ठेवा. वाईट काही नाही त्यात. पण ही अर्धीच गोष्ट आहे. माणसाची स्वतःविषयीची समजूत त्यानं एकट्यानं बसून केलेली नसते. त्याला लहानपणापासून कोण कशी हाक मारत आलं, कोणी दारात थांबवलं, कोणी पुढे बसवलं, यातून ती घडते.

बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात हे लख्ख दिसतं. वाटेत वरच्या जातीचा पुरुष दिसला, की महारवाड्यातल्या बायकांनी रस्ता सोडायचा, पदर ओढून घ्यायचा आणि पाया पडत असल्याचं तोंडानं म्हणायचं. नव्यानं नांदायला आलेल्या एखाद्या कोवळ्या मुलीकडून हे राहून गेलं, तर त्याबद्दल सगळ्या महारवाड्याला बोलणी खावी लागत. विचार करा, सासरच्या गावात त्या मुलीनं परक्या माणसाशी बोललेलं पहिलं वाक्य स्वतःला पायाशी ठेवणारं होतं. तेच वाक्य रोज म्हणणाऱ्या बाईनं पुढे चारचौघांत आपलं म्हणणं मांडावं, अशी अपेक्षा कुणी कोणत्या तोंडानं करायची?

म्हणूनच बाबासाहेबांच्या चळवळीनं पाणी आणि मंदिर यांच्याइतकंच लक्ष बोलण्या-वागण्याच्या रीतीकडे दिलं. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांचं ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघालं. २० मार्च १९२७ रोजी, अस्पृश्यांना मनाई असलेल्या महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला जमलेल्या बायकांना बाबासाहेबांनी सांगितलं, की तुमच्या लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून तुमची जात ओळखू येते, ती तऱ्हा सोडा. कुणाला ही वरवरची बाब वाटेल. मला वाटत नाही. पाहताक्षणी आपल्याला खाली ढकललं जाणार हे ज्याला ठाऊक असतं, त्याचं पहिलं वाक्य घशातच अडतं.

पुढे, महारांनी वरच्या जातींना घालायच्या जोहाराच्या जागी ‘जय भीम’ आला. त्याच्या प्रसाराचं श्रेय कामठीचे पुढारी बाबू हरदास यांना दिलं जातं. जोहार खालून वर जायचा आणि त्याला बरोबरीचं उत्तर नसायचं. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’ हेच. मंत्री असो की मजूर, दोघांच्या तोंडी तोच शब्द. महाराष्ट्रानं गेल्या शंभर वर्षांत घडवलेल्या थोर गोष्टींत मी या अभिवादनाची गणना करतो.

स्वतःविषयीची फुगलेली समजूतही बोलणं बिघडवते. आपण चुकू शकतो हे ज्याला मान्यच नाही, तो साहेब प्रश्न विचारणाऱ्यावर डाफरतो, तो बाप मुलाचं वाक्य मध्येच तोडतो. पण तसं वागणाऱ्याचं फारसं काही जात नाही, नुकसान समोरच्याचं होतं. म्हणून जबाबदारीही आधी त्याचीच, ज्याचं वजन जास्त आहे.

आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाई, सोसायटीचा वॉचमन, दवाखान्यातला वॉर्डबॉय आपल्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीत, आणि आपण म्हणतो, त्यांचा स्वभावच अबोल. साठीच्या बाईंना घरातली दहा वर्षांची मुलगी ‘ए, तू’ म्हणते आणि कुणालाच ते खटकत नाही. त्याच बाई त्या मुलीच्या आईला ‘अहो ताई’ म्हणतात. त्या आपल्या वस्तीत कशा बोलतात, बचत गटात पैशांचा हिशोब कसा खडसावून मागतात, ते एकदा ऐकावं. अबोलपणा त्यांचा नाही, तो आपल्या उंबरठ्यावर तयार होतो.

वाचकहो, उद्या सकाळी त्या दारात येतील तेव्हा त्यांना ‘अहो’ म्हणा, घरातल्या मुलांनाही म्हणायला लावा, आणि त्या काही सांगू लागल्या तर त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या.