चि. ओंकारला, दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी



तू पाठवलेले फोटो दवाखान्यातल्या मोठ्या स्क्रीनवर लावून पाहिले. त्यातही डोक्याच्या मागच्या बाजूचे जास्त वेळ पाहिले. तुझं सगळं लक्ष कपाळाकडे आहे आणि आरशात रोज तेच दिसत असल्यावर ते असणारच. पण दुसऱ्यांदा केस लावायचे की नाही, लावले तर किती आणि कुठे, याचं उत्तर कपाळावर नसतं. ते मानेच्या वर, दोन कानांच्या मधल्या पट्ट्यात असतं. फोनवर हे सगळं नीट बोलून होत नाही, म्हणून सावकाश लिहिते आहे. तूही सावकाश वाच.

आधी तुझ्या डोक्यावर काय झालंय ते समजून घे. सव्विसाव्या वर्षी मागचे 2800 ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचे पुंजके, काढून पुढे लावले आणि ते उगवले. तू म्हणतोस ट्रान्सप्लांट फसलं, तर तसं झालेलं नाही. लावलेले केस आजही जागेवर आहेत. गेले ते त्यांच्या पाठीमागचे, तुझे मूळचे. केस जिथून उचलला तिथला स्वभाव घेऊनच नव्या जागी जातो, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी 1959 साली मांडलं आणि आजचं केशरोपण त्याच तत्त्वावर उभं आहे. डोक्याच्या मागच्या केसांच्या मुळांवर डीएचटी या हार्मोनचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून ते पुढे आणले तरी टिकतात. पण शेजारच्या मूळच्या केसांना ते वाचवू शकत नाहीत. म्हणून आज तुझ्या कपाळावर दाट पट्टा आहे, त्याच्यामागे विरळ टाळू आणि भोवरा उघडा. पहिल्या वेळी हेअरलाइन विशीतल्या मुलाला शोभेल इतकी खाली आखली आणि औषधांचं कुणी नावही काढलं नाही, याचा मला राग आहे. पोराला हवी तशी रेघ आखून देणं सोपं असतं. चाळिशीत ती कशी दिसेल, हे सांगणं डॉक्टरचं काम होतं.

आता मागचा हिशेब. मागची बाजू विरळ न दिसता बहुतेकांच्या डोक्यातून आयुष्यभरात साधारण 5000 ते 6000 ग्राफ्ट निघतात, पुष्कळांचे त्याहून कमी. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. काढलेल्या जागी पुन्हा केस येत नाही. तिथे एक मिलिमीटरच्या आतला पांढरा ठिपका राहतो. तुझ्या फोटोत उजव्या कानामागे असे ठिपके एकमेकांना खेटून दिसतात, डावीकडे मात्र तुरळक. म्हणजे काढताना सगळीकडून सारखे काढलेले नाहीत. शेतकरी घरात धान्य संपत आलं तरी कणगीतल्या बियाण्याला हात लावताना दहादा विचार करतो, तसा तुला या उरलेल्या केसांचा करायचा आहे. तुझी दुसरी शस्त्रक्रिया ही बहुधा शेवटचीच मोठी शस्त्रक्रिया असेल, असं धरूनच चाल.

म्हणून हेअरलाइन अजून खाली आणायचं आणि कानशिलं भरायचं डोक्यातून काढून टाक. उरलेले ग्राफ्ट कपाळावरच्या दाट पट्ट्याच्या पाठीमागे, डोक्याच्या पुढच्या अर्ध्या भागात जायला हवेत. समोरून बघणाऱ्याला चेहऱ्याची चौकट तिथेच दिसते. भोवऱ्याचा मोह सगळ्यांना होतो, पण भोवरा हजार-दोन हजार ग्राफ्ट सहज गिळतो आणि तरी भरल्यासारखा दिसत नाही, कारण तिथे केस चहू दिशांना वळतात आणि एकमेकांवर पडत नाहीत. शिवाय भोवऱ्याचं टक्कल बाहेरच्या बाजूला वाढत जातं. आज मध्ये केस लावलेस तर दहा वर्षांनी मध्ये पुंजका आणि भोवती उघडं कडं, असं व्हायची भीती. दादाचा, तुझ्या बाबांचा, पन्नाशीतला फोटो काढून बघ, आपल्या अण्णांचाही बघ. मामांकडेही बघ, कारण टक्कल बापाकडूनच येतं हा समज अर्धवट आहे, आईकडूनही येतं. तुझं डोकं त्यांच्यापैकी कुणाच्या वाटेने जाणार, हे गृहीत धरूनच आखणी व्हायला हवी. मागचे कमी पडले तर जबड्याखालच्या दाढीचे केस घेता येतात. ते जाड आणि राठ असतात, त्यामुळे कपाळाच्या रेघेत नकोत, पण आतल्या भागात मिसळले तर खपून जातात.

यानंतर तुला न आवडणारा विषय. गोळी. मूळचे केस गळणं थांबलं नाही तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचीही गत पहिलीसारखीच होईल. फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅम ही गोळी अमेरिकेत टकलासाठी 1997 मध्ये मान्य झाली. डीएचटीचं प्रमाण ती खाली आणते. तू इंटरनेटवर वाचून घाबरला आहेस आणि तुझी भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, मन उदास होणं असे त्रास होतात. बहुतेकांना होत नाहीत. तुझं लग्न ठरलंय, पुढे मूल हवं असेल, तर हे सगळं डॉक्टरांसमोर आधीच बोल. मन खचायला लागलं तर गोळी थांबव आणि त्याच दिवशी फोन कर, वाट बघू नकोस. गोळी नकोच असेल तर निदान मिनॉक्सिडिल हे टाळूवरचं औषध नेमाने लाव. सुरुवातीला त्याने केस गळतात, त्याला घाबरून सोडू नकोस. वर्षभर औषध घेऊन गळती थांबते का ते बघू आणि मग चाकूचं बोलू. औषधाने काही डोक्यांवर इतका फरक पडतो की दुसऱ्या वेळी लागणारे ग्राफ्ट निम्म्यावर येतात.

डॉक्टर निवडताना पॅकेज बघू नकोस. "अमर्याद ग्राफ्ट, एकच दर" अशी जाहिरात दिसली की तिथून उठ, कारण तुझ्या डोक्यातले ग्राफ्ट अमर्याद नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगून ठेवलंय की केशरोपण प्लास्टिक सर्जरीचं किंवा त्वचारोगाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी करावं. व्हिडिओ बघून शिकणं पुरेसं नाही. थेट विचार, ग्राफ्ट काढणार कोण आणि छिद्रं पाडणार कोण? "आमची टीम" असं उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. काउन्सेलर म्हणून बसवलेली मुलं गोड बोलतात. ती विक्रीची माणसं असतात. आठ-आठ तास टाळूत भुलीची इंजेक्शनं जात राहतात, त्यांना वजनाप्रमाणे मर्यादा असते. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन सतत बघणारं यंत्र आणि अ‍ॅलर्जी उसळली तर सांभाळणारा माणूस तिथे हवा. आपल्याकडे या शस्त्रक्रियेत माणसं दगावली आहेत.

दुसऱ्या वेळचं काम पहिल्याहून अवघड असतं. पहिल्यांदा जिथून काढले तिथे कातडीखाली व्रण धरलेला असतो, त्यामुळे शेजारच्या केसांची मुळं ओढली जाऊन वाकडी होतात. पंच, म्हणजे ग्राफ्ट काढायचं हत्यार, सरळ घालायला गेलं की मूळ मध्येच कापलं जातं आणि तो केस कायमचा गेला. चांगला डॉक्टर आधी थोडे काढून, भिंगाखाली किती कापले गेले ते मोजतो आणि मग पुढे जातो. पुढच्या बाजूलाही जुने ग्राफ्ट आहेत. नवी छिद्रं त्यांच्या मुळांना न छेदता, त्याच तिरकसपणे पाडावी लागतात. व्रण असलेल्या जागी रक्तपुरवठा थोडा कमी असतो, म्हणून दाटी करायचा हट्ट धरू नकोस. आणि सिगारेट. ऑफिसखालची चहाबरोबरचीसुद्धा. आधी निदान महिनाभर आणि नंतरही महिनाभर नाही म्हणजे नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि अशा टाळूवर कातडीच काळी पडून मरू शकते. या एका गोष्टीत मी ऐकणार नाही.

लग्नाआधी उरकून घ्यायचा विचार मात्र सोड. लग्नाला सहा महिने आहेत. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे उगवायला लागतात आणि सहाव्या महिन्यात पीक अर्धवटच असतं. त्यात आसपासचे मूळचे केसही धक्क्याने तात्पुरते गळू शकतात. म्हणजे मांडवात तू आजच्याहून विरळ दिसशील. आणि जिच्याशी लग्न ठरलंय तिला पहिलं ट्रान्सप्लांट झालंय हे सांगितलंस का? तू सांगितलेलं नाहीस असं मला दादाकडून कळलं. सांग रे. टक्कल झाकण्यापेक्षा झाकलेलं सांभाळण्यात तुझा जीव जास्त जातोय, हे मला तुझ्या आवाजात ऐकू येतं.

आता पुढचं, वर्षा-दीड वर्षाने तू टेबलावर झोपशील तेव्हासाठी. पहिल्या वेळचं तुला आठवतंय असं वाटेल, पण माणूस दुखणं लवकर विसरतो. पहिले चार-पाच दिवस पाठीवर, डोकं उंच ठेवून झोप. दोन उशा आणि मानेखाली गुंडाळी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरते, चेहरा ओळखू येत नाही. वहिनी घाबरेल, तिला आधीच सांगून ठेव की ही सूज दोन-तीन दिवसांत ओसरते. गळ्यातून काढायचं बनियन-टीशर्ट नको, पुढे बटणं असलेला शर्ट घाल. दहा-बारा दिवस हेल्मेट घालता येणार नाही, म्हणून बाइक बंद. रिक्षाने जा आणि वरच्या दांडीला डोकं आपटणार नाही याची काळजी घे. गर्दीची बस, लोकल टाळ. गणपतीच्या मिरवणुकीचा गुलाल त्या वर्षी लांबूनच.

धुण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण बहुतेकांचं तिथेच बिघडतं. सलाईनचा फवारा सांगितलेल्या वेळांना मारायचा, खपली कोरडी पडू द्यायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डॉक्टर म्हणतील तेव्हा सौम्य शॅम्पू वाटीत पाण्यात फेटून फेस करायचा आणि तो फेस नुसता टाळूवर ठेवायचा. चोळायचं नाही. पाच मिनिटांनी मगने, हाताच्या ओंजळीवरून, कोमट पाणी सोडायचं. शॉवरची धार थेट नको. टॉवेलने टिपायचं, तेही फक्त मागच्या बाजूला. आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट धरलेले असतात, मग बोटांच्या पेरांनी हलकेच गोल फिरवत खपल्या सोडवायच्या. नख नाही. खपलीबरोबर केस हातात येईल आणि तुझ्या काळजाचा ठोका चुकेल. पण तो केस जातो, मूळ आत राहतं. त्या वेळी रक्त आलं तर मात्र लगेच दाखव. चौदा दिवसांनंतरही खपल्या चिकटून असतील तर तेही बरं नाही, खाली मुळं कोंडतात. वहिनी डोक्याला तेल लावायला येईल. महिनाभर तेल नाही, घरचं खोबरेल असलं तरी नाही. तिला वाईट वाटेल. माझं नाव सांग.

मागे आणि टाळूवर बधिरपणा राहतो, या वेळी तो पहिल्याहून लांबू शकतो. काही महिन्यांत जातो. दोन-तीन महिन्यांनी बारीक पुटकुळ्या येतील, नवा केस कातडीखाली अडला की येतात. त्या फोडू नकोस. पण दिवसागणिक वाढत जाणारं दुखणं, पू, ताप किंवा टाळूवर काळसर-जांभळी पडणारी जागा यांपैकी काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नकोस.

आणि तिसरा महिना. तो सगळ्यात वाईट. लावलेले गळून गेलेले, नवे आलेले नाहीत, टाळू लालसर. पहिल्या वेळी उमेद असते, दुसऱ्या वेळी मन म्हणतं, परत फसलो. त्या महिन्यात रोज फोटो काढू नकोस. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात काढ. निकाल बाराव्या महिन्याआधी लागत नाही, भोवऱ्याकडचे केस तर दीड वर्षही घेतात. त्या काळात कुणाकडे तरी हे मोकळेपणाने बोलत जा. माझ्याकडे बोललास तर मला आनंदच आहे.

सध्या एवढं कर. पहिल्या ठिकाणाहून शस्त्रक्रियेचे कागद मागून घे. किती ग्राफ्ट काढले, त्यात एका-दोन-तीन केसांचे किती, पंचचं माप काय, ही नोंद दुसऱ्या डॉक्टरला लागतेच. टाळाटाळ केली तर लेखी अर्ज दे. तुझे कागद मिळणं हा तुझा हक्क आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घे. मागचे केस मशीनच्या दोन नंबरने बारीक करून, ओले करून, उजव्या आणि डाव्या बाजूचे स्वतंत्र फोटो पाठव. दिवाळीत येशील तेव्हा भिंगाखाली मी स्वतः मोजते, मग कुणाकडे जायचं ते ठरवू.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
सुधाआत्या