स्फटिक, कापूर आणि संगती

जपाकुसुमाजवळ ठेवलेला शुभ्र स्फटिक तांबडा दिसतो, परंतु तांबडा होत नाही, हा सांख्यांचा आणि वेदान्त्यांचा दृष्टांत आमच्या वऱ्हाडातील श्रोत्यांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, संगतीने पालटतो तो केवळ आभास, हा सिद्धांत जीवाच्या बाबतीतही आपण विनातक्रार दाखल करून घेतो. तेथे तो खरोखर लागू पडतो काय, याचा निवाडा करताना हिमकणाचीही साक्ष घ्यावी, असे माझे म्हणणे आहे.

चांदूर रेल्वेसारख्या उष्ण मुलखात आकाशातले बर्फ येते ते गारांच्या रूपाने, गहू-हरभरा झोपवून आणि तहसिलीत पंचनाम्यांची रीघ लावून. परंतु त्या ढगांच्या माथ्यावर सूक्ष्म षट्कोनी हिमकणही वाढत असतात. जपानात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली सशाच्या केसावर कृत्रिम हिमस्फटिक वाढविला, आणि तापमान व बाष्पाचे प्रमाण यांनुसार तेच जल कोठे पातळ पत्र्याचा, कोठे स्तंभाचा, कोठे शाखायुक्त आकार घेते, हे दाखवून दिले. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत व्हॉनेगट यांना आढळले की, ब्यूटिल अल्कोहोलची अत्यल्प वाफ हवेत मिसळताच पत्र्याऐवजी स्तंभ वाढू लागतात. आणि १९५८ मध्ये इंग्लंडात हॅलेट व मेसन यांनी कापराची वाफ सोडून पाहिली, तेव्हा शून्यापासून उणे ४० अंशांपर्यंत सर्वत्र स्तंभच मिळू शकले. आरतीत राख न ठेवता जळणारा, देवापुढे परमशुद्ध मानलेला कापूर तेथे आगंतुक मल ठरला. शुद्धाशुद्धता वस्तूत नसून संबंधात असते, याचे याहून स्वच्छ प्रमाण मला ठाऊक नाही.

आगंतुक रेणू वाढत्या पृष्ठावर बसतात, त्यामुळे एका पृष्ठाची वाढ मंदावते आणि दुसऱ्याची तुलनेने पुढे जाते. हा आभास नव्हे. फूल दूर करताच स्फटिक पुन्हा शुभ्र दिसतो. कापूर दूर केल्याने वाढून चुकलेला स्तंभ पत्रा होत नाही. तथापि आतील षट्कोनी रचना अभंग राहते, म्हणजे संगतीचा अंमल घडणीवर चालतो, स्वरूपावर नाही. शिवाय आयसोब्यूटिल अल्कोहोलची वाफ वाढवीत नेली असता पत्र्यांऐवजी स्तंभ आणि पुढे स्तंभांऐवजी पुन्हा पत्रे वाढू लागले; तेव्हा कुसंगतीचे माप काढून माणसाच्या अधोगतीचा हिशेब मांडणाऱ्यांनी जरा थांबावे.

चांदूर रेल्वेच्याच जिल्ह्यात १८८१ साली जन्मलेले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज डार्विन-स्पेन्सरांची मतेही शास्त्राच्या कसोटीस लावून पाहात. त्यांच्या मुलखात हा नवा दृष्टांत परका मानण्याचे कारण नाही. जपाकुसुमाचा दृष्टांत साक्षी आत्म्यापुरता राखावा. मूल वाढविणाऱ्या आईबापांना आणि शिष्य घडविणाऱ्या गुरूंना मात्र कीर्तनकारांनी यापुढे हिमकणाचा दृष्टांत सांगावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.