उमेदवारी आणि वेतन

विद्येच्या व्यवहारांत द्रव्याची गोष्ट काढणें हें हलकेपणाचें लक्षण आहे, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती सर्वस्वीं चुकीची आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु या समजुतीच्या आधारावर दुसऱ्याच्या मुलांकडून फुकट काम करून घेणें न्याय्य आहे काय, आणि त्यांत नुकसान कोणाचें होतें, हा प्रश्न आपण बहुधा टाळतों. विद्यापीठांतील जे विद्यार्थी पदार्थसंग्रहालयांत उमेदवारी करितात त्यांना वेतन द्यावें कीं नाहीं, याविषयीं गेलीं कांहीं वर्षें अमेरिकेंत जो वाद चालला आहे, त्याच्या निमित्तानें या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यापूर्वीं या बाबतींत आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे.

आमच्या एका स्नेह्यांची मुलगी कलेच्या इतिहासाचा अभ्यास करण्यासाठीं अमेरिकेंत गेली. शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज वडिलांच्या नांवावर होतें. पहिल्या वर्षाच्या अखेरीस तेथील एका मोठ्या शहरांतील संग्रहालयानें तिला उन्हाळ्याच्या सुटींत दहा आठवडे उमेदवारीसाठीं बोलाविलें. वेतन नव्हतें, राहण्याजेवण्याची सोय जिची तिनें पाहावयाची होती. तिनें सल्ला विचारला, तेव्हां आम्हीं मोठ्या उत्साहानें कळविलें कीं, अशी संधि पैशांत मोजावयाची नसते, अवश्य जा. ती गेली नाहीं. तिनें सुटीभर आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयांत पुस्तकें लावण्याचें काम केलें, आणि ती जागा तिच्याच वर्गांतील, त्या शहरांत आईबापांचें घर असलेल्या, एका मुलीस मिळाली. पुढें नोकरीसाठीं अर्ज करण्याची वेळ आली तेव्हां जागोजागीं एकच अट आडवी आली : संग्रहालयांतील कामाचा पूर्वानुभव. आमचा उपदेश उदात्त होता. त्याचा खर्च मात्र दुसऱ्यानें सोसावयाचा होता.

बाहेरून पाहणारास संग्रहालय म्हणजे कांचेच्या कपाटांत मांडलेल्या वस्तु एवढेंच दिसतें. आंतील काम निराळें आहे. आलेल्या प्रत्येक वस्तूस क्रमांक द्यावयाचा, तिचें माप घ्यावयाचें, ती कोठें चिरली वा झिजली आहे तें टिपून ठेवावयाचें, ती कोणाकडून व कशी आली याचे कागद जुळवावयाचे, आणि शेवटीं तिच्याखालीं लावावयाचा चार ओळींचा मजकूर लिहावयाचा. हें काम पुस्तकें वाचून येत नाहीं; जाणत्याच्या हाताखालीं बसूनच शिकावें लागतें. म्हणूनच हार्वर्ड येथें पॉल सॅक्स यांनीं १९२१ सालीं संग्रहालयाच्या कामाचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि नेवार्क येथें जॉन कॉटन डेना यांनीं १९२५ सालीं उमेदवारांचा वर्ग काढला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाचे १९२९ सालीं पहिले संचालक झालेले आल्फ्रेड बार हे सॅक्स यांचेच विद्यार्थी. तात्पर्य, उमेदवारी हा या व्यवसायाचा दरवाजा आहे, आणि त्यांतून आज कोण आंत येतो यावर उद्यांचे संग्रहपाल कोण होणार हें ठरतें. मेलन प्रतिष्ठानानें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, अमेरिकेंतील कलासंग्रहालयांत संग्रहपाल, जतनतज्ज्ञ, शिक्षणाधिकारी व प्रमुख या जागांवर शंभरांत ८४ माणसें गोऱ्या वंशाचीं होतीं. याचीं कारणें अनेक असतील. पण ज्या दरवाज्यावर पहाऱ्यास दारिद्र्यच बसविलें आहे, तो या कारणांत नाहीं असें कोण म्हणेल?

यावर पहिला आक्षेप असा येतो कीं, शिष्यानें गुरूकडे वेतन मागावें ही कल्पनाच विपरीत आहे. मिळणारी विद्या हेंच त्याचें वेतन. आमचीही समजूत हीच होती. परंतु आपल्याच परंपरेकडे नीट पाहिलें असतां ती या आक्षेपाच्या बाजूनें साक्ष देत नाहीं. गुरुगृहीं राहणारा शिष्य लांकडें फोडी, गाई राखी, पाणी भरी. पण तो जेवत असे तोही गुरूच्याच घरीं. पुण्यासारख्या ठिकाणीं माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भार अनेक घरें मिळून उचलीत असत. गोपाळ कृष्ण गोखले यांचें शिक्षण व्हावें म्हणून त्यांच्या थोरल्या बंधूंनीं १५ रुपयांच्या पगारांतून महिना ८ रुपये पाठविले. पुढें डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद या नात्यानें गोखल्यांनीं जो स्वार्थत्याग केला, तोही महिना ७५ रुपयांच्या वेतनावर. त्या वेतनानें त्यांच्या त्यागास कमीपणा आला नाहीं. उलट तेवढेंही नसतें तर त्याग करणें हा केवळ श्रीमंतांचा अधिकार होऊन बसला असता.

विनावेतन उमेदवारीचा खरा पूर्वज पाहावयाचा असेल तर तो गुरुकुलांत सांपडणार नाहीं. तो इंग्रजी अमदानींतील मामलेदार कचेरींत सांपडेल. तेथें तरुण मुलें जागा रिकामी होण्याची वाट पाहत महिनोन्‌महिने फुकट लेखणी घाशीत आणि त्यांना ‘उमेदवार’ म्हणत. घरचें खाऊन लष्कराच्या भाकरी भाजण्याची म्हण आपण थट्टेनें वापरतों. परंतु त्या म्हणींतील पहिले दोन शब्द विचार करण्यासारखे आहेत. भाकरी भाजावयास जाण्यापूर्वीं घरीं खावयास असावें लागतें.

कायदा या प्रश्नाचा निकाल लावीत नाहीं. अमेरिकेंत किमान वेतनाचा कायदा १९३८ पासून आहे, आणि न्यूयॉर्क येथील संघीय अपील न्यायालयानें २०१५ सालीं असें ठरविलें कीं, उमेदवारीचा मुख्य लाभ विद्यार्थ्यास होतो कीं मालकास, हें पाहून वेतनाचा हक्क ठरवावा. पण ही कसोटी नफ्यासाठीं चालणाऱ्या धंद्यांची. लोकोपयोगी संस्थांत कोणी स्वखुषीनें विनावेतन राबत असेल तर कायदा सहसा आड येत नाहीं. शिवाय ही कसोटी आमच्या मतें अपुरी आहे. मुख्य लाभ विद्यार्थ्याचाच आहे असें घटकाभर धरून चाललें, तरी ज्याला तो लाभ घेतांच येत नाहीं त्याचें काय? न्यायालयापुढें उमेदवार येतो. दारांतूनच परत गेलेला विद्यार्थी तेथें कधींच येत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संग्रहालयें श्रीमंत नसतात. वेतन सक्तीचें केलें तर जेथें दहा विद्यार्थी शिकत होते तेथें तीनच शिकतील. हें बऱ्याच ठिकाणीं खरें होईल, आणि तें नाकारून आम्हीं आपली बाजू सोपी करूं इच्छीत नाहीं. सात जणांची संधि जाणें हें नुकसानच आहे. पण तीं दहा जणें कोणत्या घरांतून येत होतीं, हेंही याच वेळीं विचारलें पाहिजे. ज्यांतून निम्मा समाज आधींच गाळला गेला आहे अशा दहांपेक्षां सर्वांतून निवडलेले तीन आम्हांस अधिक न्याय्य वाटतात. शिवाय मन असेल तर मार्ग निघतो, असेंही दिसून आलें आहे. लॉस एंजेलिस येथें गेटी प्रतिष्ठानानें १९९३ पासून तेथील अनेक संग्रहालयांत, मागें राहिलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठीं सवेतन उमेदवारीची सोय केली. तेथील कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघानें २०१९ सालीं ठराव करून सर्व संग्रहालयांनीं उमेदवारांस वेतन द्यावें असें आवाहन केलें. पुढल्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास ५० लाख डॉलरांची देणगी मिळून दरसाल सुमारें १२० उमेदवारांच्या वेतनाची तरतूद झाली. इमारतीच्या कोनशिलेवर नांव कोरवून घेणारे दाते पुष्कळ असतात. विद्यार्थ्यांच्या पोटास घालणारा दाता आम्हांस अधिक दूरदर्शी वाटतो.

याचा लाभ केवळ विद्यार्थ्यास होतो असेंही नाहीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत अडकित्ते आणि वज्र्या पाहून आपली आजी आठवली नाहीं असा मराठी माणूस विरळा. असाच एखादा अडकित्ता परदेशीं संग्रहालयाच्या पेटींत पडला असेल, तर त्याची लांबीरुंदी व धातु कोणीही लिहील. पण सुपारी कातरतांना बोटें कोठें असतात, पानाचें तबक कोणापुढें आधीं जातें, हें ज्यानें घरीं पाहिलें आहे त्यालाच ती वस्तु बोलकी करतां येईल. तें ज्ञान कर्ज काढून शिकणाऱ्या मुलीपाशीं होतें, आणि ती त्या वेळीं ग्रंथालयांत पुस्तकें लावीत होती.

सेवाभावाचा आम्ही निषेध करीत नाहीं. निवृत्त झालेला गृहस्थ आपली दुपार एखाद्या संग्रहालयास देतो, तें दान आहे. कारण देण्यासारखें त्याच्यापाशीं कांहीं आहे, आणि देणें न देणें त्याच्या इच्छेवर आहे. ज्याचें पुढील सर्व आयुष्य त्या दहा आठवड्यांवर अवलंबून आहे अशा तरुणाकडून तीच गोष्ट घेणें, यास दान म्हणतां येत नाहीं. आपल्या भाषेंत ‘विद्यावेतन’ असा एक चांगला शब्द आहे, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें आपण कारखान्यांतील उमेदवारास तें देऊं केलें. यंत्रापुढें उभ्या राहणाऱ्या मुलाला जें उचित, तें जुन्या मूर्तीची धूळ झाडणाऱ्या मुलाला अनुचित कसें?

त्या मुलीस आम्हीं पुढें पत्र लिहून आपली चूक कबूल केली. तिनें रागावलें नसल्याचें कळविलें, हा तिचा चांगुलपणा. तेव्हांपासून आम्हीं स्वतःपुरता एक नियम केला आहे : कोणाच्या मुलास कसल्याही मोठ्या संधीचा उपदेश करण्यापूर्वीं, तो तेथें राहील कोठें आणि जेवेल काय, हें आधीं विचारावयाचें.